नांव, गांव आणि जन्मतारीख

वाहन चालविण्याच्या परवान्याचा विषय गृहव्यवस्थेच्या या सदरांत कां यावा, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु एकत्र कुटुंबांतील सुनेनें परवान्यासाठीं अर्ज करावयाचें मनांत आणलें, म्हणजे तिची पहिली अडचण रस्त्यावर उभी राहत नाहीं. ती घरांतल्या कपाटांत निघते. गाडी चालविण्यास ती महिना-दीड महिन्यांत शिकते, पण कागद जुळविण्यांत वर्ष निघून जातें. याचें कारण कचेऱ्यांची दिरंगाई हें जितकें आहे, त्याहून अधिक आपल्या घरांची रीत हें आहे. म्हणून त्याचा विचार घरांतच, आणि तोहि वडील मंडळींनीं, करावयास हवा.

कायद्याचा भाग थोडक्यांत सांगून टाकूं. हल्लीं चालू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें आधीं शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. त्याची मुदत ६ महिन्यांची. आणि तो मिळून ३० दिवस झाल्यावांचून पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. वयाची अट सामान्यतः १८ वर्षांची. १६ वर्षांच्या मुलास पालकांच्या संमतीनें ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची, गिअर नसलेली दुचाकी चालवितां येते खरी. पण घरोघर उभ्या असलेल्या पेट्रोलच्या स्कूटरी बहुधा १०० घन सेंटिमीटरांच्या वरच्या असतात, तेव्हां ही सवलत कागदावरच राहते. ‘आमचा नातू सोळाचा झाला, शिकवणीला नेईना कां स्कूटर!’ असें म्हणणाऱ्या आजोबांनीं २०१९ ची दुरुस्ती अवश्य ध्यानांत घ्यावी. अल्पवयी मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकास अथवा वाहनाच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड आहे, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाहि मिळत नाहीं. नातवाचे लाड करण्यास दुसऱ्या वाटा पुष्कळ आहेत.

आतां कागदांकडे वळूं. कचेरीस वस्तुतः तीनच गोष्टी हव्या असतात: अर्जदाराचें नांव काय, जन्म केव्हां झाला आणि वास्तव्य कोठें आहे. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट, मतदारयादींतील नोंद, आयुर्विम्याची पॉलिसी, आधार कार्ड, असल्या कागदांवरून हीं उत्तरें मिळतात. २०२१ पासून महाराष्ट्रांत आधार कार्डावरून शिकाऊ परवान्याचा अर्ज आणि त्याची लेखी परीक्षा हीं दोन्ही घरबसल्या संगणकावर होऊं लागलीं आहेत. सोय मोठी, यांत संशय नाहीं. परंतु या मार्गानें गेल्यास नांव, पत्ता व छायाचित्र आधारच्या दप्तरांतून उचललें जातें. तेथें जें असेल तेंच परवान्यावर उतरतें. मग तें माहेरचें असो कीं सासरचें, शुद्ध असो कीं अशुद्ध.

आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. वडील गृहस्थांच्या छातींत मध्यरात्रीं कळ आली. मुलगा कामानिमित्त परगांवीं. दारांत मोटार उभी, आणि सून माहेरींच मोटार शिकून आलेली. पण परवाना नाहीं. शेजारच्या गृहस्थांस उठवून, ते येऊन, गाडी निघेपर्यंत पाऊण तास गेला. दैव चांगलें म्हणून निभावलें. रुग्णालयांतून परत आल्यावर त्या गृहस्थांनीं स्वतः किल्ली मागवून कागदांचें कपाट उघडलें, आणि सुनेचे म्हणून जे चार कागद निघाले, त्यांवर तीन बायकांचीं नांवें होतीं! शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचें नांव व माहेरचें आडनांव. आधार कार्ड लग्नापूर्वीं काढलेलें, म्हणून त्यावरहि तेंच, आणि पत्ताहि माहेरचाच. मतदार ओळखपत्रावर लग्नांत ठेवलेलें नवें नांव व सासरचें आडनांव. बँकेच्या पुस्तकांत माहेरचें नांव, पण सासरचें आडनांव. लग्नाची नोंदणी केलेलीच नव्हती. या तिघींस एकत्र आणून एक करण्यास त्या घरास सात महिने लागले.

लग्नांत आपण ताटांत तांदूळ पसरतों, त्यांत वराकडून अंगठीनें वधूचें नवें नांव लिहवून घेतों, पेढे वांटतों आणि त्या दिवसापासून घरादारानें त्या नांवानें हांक मारावयाची असें ठरतें. विधि गोड आहे. त्यास आमची हरकत नाहीं. पण तांदळांत लिहिलेलें नांव कोणत्याहि दप्तरांत आपोआप चढत नाहीं, आणि विवाहानंतर स्त्रीनें नांव वा आडनांव बदललेंच पाहिजे असा कायदाहि नाहीं. तेव्हां लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यांतच पतिपत्नींनीं एक गोष्ट पक्की करावी कीं कागदोपत्रीं नांव कोणतें चालवावयाचें. माहेरचेंच चालवावयाचें असेल तर कांहींच बदलूं नये, व सासूबाईंनींहि त्याचा विषाद मानूं नये. बदलावयाचें असेल तर सर्वत्र बदलावें. अर्धें बदलणें हें सर्वांत वाईट.

बदलण्याचा पाया म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला. महाराष्ट्रांत ही नोंदणी १९९८ च्या कायद्यानें होते. तिच्या अर्जावर साक्षीदारांबरोबर लग्न लावणाऱ्या गुरुजींचीहि सही लागते. लग्नास दहा वर्षें झाल्यावर गुरुजींस शोधीत हिंडण्यापेक्षां अक्षता पडल्या त्याच आठवड्यांत ती सही घेऊन ठेवणें शहाणपणाचें. केवळ आडनांव बदललें असेल तर हा दाखला सामान्यतः पुरतो. मूळचें नांवच पालटलें असेल तर तो बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रांत छापवून घ्यावा आणि त्या पृष्ठाची प्रत जपून ठेवावी. शिवाय आधार कार्डावरील नांव जन्मांत दोनच वेळां बदलतां येतें, हें विसरूं नये. एक बदल अक्षराची चूक काढण्यांत खर्ची पडला, तर हातीं एकच उरतो.

अक्षरांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडें विषयांतर. आपलीं संस्कृत नांवें रोमन लिपींत शिरतांना फार हाल सोसतात. ‘ज्ञानेश्वर’ एका कागदावर डी-एन-वाय करीत येतो, दुसऱ्यावर जी-वाय करीत. ‘लक्ष्मी’च्या क्षकारास कोठें तीन अक्षरें मिळतात, कोठें एकटा एक्स. ‘हृषीकेश’ तर इतक्या रूपांनीं आढळतो कीं वर्गांत हजेरी घेतांना एकाच नांवाच्या तीन मुलांस आम्हीं तीन स्पेलिंगांनीं ओळखलें आहे. त्यांत वडिलांच्या नांवास कोठें ‘राव’ लागतो, कोठें गळतो. पाणिनीस विकल्प चालतो. संगणकास चालत नाहीं. म्हणून एक रूप ठरवावें व तेंच सर्वत्र ठेवावें. सासऱ्यांचें नांव सर्व कागदांवर ‘दत्तात्रय’ असेल, तर तेथें ‘दत्तात्रेय’ असें शुद्ध करण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या लाल शाईनें रंगविलेल्या मनुष्यास हें लिहितांना जड जातें, पण परवान्याच्या कामीं शुद्धतेपेक्षां एकवाक्यता श्रेष्ठ.

जन्मतारखेची गोष्ट याहून नाजूक. जुन्या पिढींतील शेंकडों माणसांची जन्मतारीख १ जून कां, हें शाळेंत काम केलेल्यास विचारावें. मूल दाखल करावयास येई, बापास तारीख सांगतां येत नसे, शाळा जूनमध्यें उघडे; मुख्याध्यापक वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहीत. त्या नोंदीवर पुढें सारा जन्म चाले. ब्राह्मण घरांत पत्रिका असे, पण तेथें दुसरा घोटाळा. पंचांगाचा वार सूर्योदयापासून धरावयाचा, आणि इंग्रजी तारीख मध्यरात्रीस पालटते. सोमवारीं रात्रीं दोन वाजतां जन्मलेलें मूल घरच्या हिशेबानें सोमवारचें, रुग्णालयाच्या हिशेबानें मंगळवारचें. दोन्ही आपापल्या परीनें खरे; परंतु परवान्यासाठीं पत्रिका कोणी पाहत नाहीं. जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर एकच तारीख आहे ना, एवढें पाहावें, व तफावत असल्यास मूल शाळेंत शिकत असतांनाच ती शाळेमार्फत दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यावर तें काम फार कठीण होतें. आधार कार्डावर वय आहेच, मग इतर कागद कशास, असें तरुण मंडळी म्हणतात. त्यांनीं सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२४ मधील निर्णय पाहावा. एका मोटार-अपघाताच्या भरपाईच्या दाव्यांत मृताचें वय ठरवितांना न्यायालयानें आधार कार्डाऐवजीं शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानला. आमच्या जनरल रजिस्टराची अशी बूज राखली गेली, याचा आम्हांस यथोचित आनंद आहे! आधारवरील जन्मतारीख तर सामान्यतः एकदांच दुरुस्त होते.

नव्या बाळांविषयीं मात्र नियम सरळ झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्यांस शाळाप्रवेश, वाहनाचा परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी इत्यादि कामीं जन्मतारीख व जन्मस्थान जन्मदाखल्यानेंच सिद्ध करावें लागेल. तेव्हां घरांत दोन-तीन वर्षांचें नातवंड खेळत असेल तर त्याचा दाखला आजच काढून पाहावा. पुष्कळ दाखल्यांवर नांवाची जागा कोरीच असते, कारण बारसें व्हावयाच्या आधींच नोंद झालेली असते. जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांच्या आंत नांव विनाशुल्क घालतां येतें. त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नांवापुढें प्रथम आईचें, मग वडिलांचें नांव आणि नंतर आडनांव, असा क्रम ठरला आहे; थोरल्या व धाकट्या नातवंडांच्या दाखल्यांत हा फरक दिसल्यास ती चूक समजूं नये.

राहतां राहिला पत्ता. आणि एकत्र कुटुंबाची खरी अडचण येथेंच आहे. घर आजोबांच्या नांवावर, विजेचें बिल त्यांच्याहि वडिलांच्या नांवावर, ज्यांस जाऊन तीस वर्षें झालीं! पाणीपट्टी, घरपट्टी, दूरध्वनि यांपैकीं एकाहि कागदावर सुनेचें नांव नसतें. ज्या घरांत ती वीस माणसांचा स्वयंपाक पाहते, त्या घरांत ती राहते, हें सिद्ध करावयास तिच्यापाशीं चिठोराहि नाहीं. वेगळ्या बिऱ्हाडांतील स्त्रीस निदान भाडेकराराचा आधार असतो. एकत्र राहण्याची ही किंमत फक्त बाहेरून आलेल्या मुलींनींच कां मोजावी, हा प्रश्न कर्त्या पुरुषांनीं आपल्या मनास विचारावा.

सुदैवानें यावर तोड निघाली आहे. जानेवारी २०२३ पासून आधारच्या दप्तरांत कुटुंबप्रमुखाच्या संमतीनें पत्ता बदलण्याची व्यवस्था झाली. १८ वर्षांवरील कोणीहि व्यक्ति यासाठीं कुटुंबप्रमुख होऊं शकते. अर्थात् तिच्या स्वतःच्या आधारवर तो पत्ता असला पाहिजे. पती चालतो. नातें दाखविणारा, दोघांचीं नांवें असलेला कागद जोडावयाचा. विवाहनोंदणीचा दाखला येथें पुन्हां कामीं येतो. तसा कागद नसल्यास प्रमुखाचें स्वयंघोषणापत्र चालतें. मात्र अर्ज केल्यावर प्रमुखाच्या मोबाइलवर संदेश येतो आणि ३० दिवसांच्या आंत त्यानें संगणकावरून संमति द्यावी लागते. न दिल्यास अर्ज निकालांत निघतो. एका घरीं आजोबांचा नोंदलेला मोबाइल-क्रमांक दोन वर्षांपूर्वींच बंद झालेला निघाला! अर्ज करण्यापूर्वीं तो क्रमांक चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

चाळिशी उलटलेल्या भगिनींनीं आणखी एक गोष्ट करावी. वयाच्या ४० वर्षांनंतर नोंदणीकृत वैद्याकडून नमुना १-अ मध्यें प्रकृतीचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. त्यापूर्वींच्या वयास नमुना १ मधील स्वतःचें निवेदन पुरतें. हें प्रमाणपत्र वैद्यानें डोळे तपासल्यावांचून देऊं नये, आणि आपणहि मागूं नये. कचेरीच्या दारांत उभे असलेले मध्यस्थ ‘बाई, तुम्ही यायची गरज नाहीं, सगळें करून देतों’ असें म्हणतात. असल्या मार्गानें, खोटी माहिती देऊन काढलेला परवाना कायद्यानें रद्द होऊं शकतो. आणि तें बहुधा अपघात झाल्यावर, विमा कंपनीच्या वकिलाकडून उघडकीस येतें.

पक्क्या परवान्याची मुदतहि वयावर आहे. तिशीच्या आंत काढल्यास ४० वर्षें पूर्ण होईपर्यंत, ३० ते ५० या वयांत १० वर्षें, ५० ते ५५ मध्यें ६० वर्षें पूर्ण होईपर्यंत, आणि पंचावन्नच्या पुढें ५ वर्षें. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधींपासून करतां येतो, आणि संपल्यावर वर्षाच्या आंत केल्यास चालतो; त्याहून उशीर झाल्यास पुन्हां गाडी चालवून दाखवावी लागते. आमच्या वयाच्या वाचकांनीं आपापला परवाना या निमित्तानें काढून पाहावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावयाची असेल तर ती आधीं उरकून मग प्रमाणपत्रास जावें.

शिकाऊ परवान्याचा अर्ज मात्र सर्वांत शेवटीं करावा. तो हातीं पडला कीं ६ महिन्यांचा काळ धावूं लागतो. म्हणून आधीं विवाहनोंदणी, मग आधारवरील नांव, मग पत्ता, आणि हे तीनहि नवे कागद हातीं आल्यावर अर्ज. मुलांच्या परीक्षा, घरांतलें मंगलकार्य, नणंदेचें बाळंतपण, यांच्या तोंडावर तो करूं नये, नाहीं तर सराव राहून मुदत संपते. पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतरचे महिने शिकण्यास उत्तम.