‘पारंपरिक’ हे कुणाचं नाव?

बंगळूरमध्ये राहून ब्लूज ऐकणाऱ्या मराठी माणसाला ठरलेले टोमणे खावे लागतात. पुण्याचे नातेवाईक त्याला ‘गिटारवरचं रडगाणं’ म्हणतात. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणारे काका विचारतात, आपल्याकडे भीमसेन असताना त्या मिसिसिपीच्या शेतमजुरांचं काय ऐकायचं? (भीमसेन गदगचे, हे काकांना तीस वर्षं कर्नाटकात काढूनही आठवत नाही.) या मंडळींचा हिशेब आधी चुकता करतो. मराठी नाट्यसंगीत ज्या पायपेटीच्या साथीनं उभं राहिलं ती युरोपातून आली. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ‘अलबेला’त १९५१ साली सबंध देशाला नाचवलं ते अमेरिकी ठेक्यांवर, आणि त्यांच्यासोबत काम करणारे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट गोव्याचे होते. टेडी वेदरफर्ड हा कृष्णवर्णीय पियानोवादक १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. १९४५ साली तो कलकत्त्यात वारला. हे संगीत आपल्या दारात येऊन नव्वद वर्षं होत आली. त्याला अजून पाहुणा म्हणायचं तर काकांच्या पोह्यांतल्या बटाट्यालाही म्हणावं लागेल.

माझं खरं भांडण आहे ते माझ्याच मंडळींशी. ब्लूजच्या चाहत्यांशी.

ही मंडळी कोण, ते सांगायला हवं. रेस्ट हाउस रोडवर १९८९ पासून ‘पेकोस’ आहे. तिथे बिअरच्या मगासमोर बसून बंगळूरच्या निदान दोन पिढ्या रॉक ऐकायला शिकल्या. पॅलेस ग्राउंड्सवर २००१ साली डीप पर्पल आले, २००२ला रॉजर वॉटर्स, २००३ला रोलिंग स्टोन्स, २००५ला मार्क नॉफ्लर. त्या मैदानावर उभं राहिलेलं पोरगं पुढे नोकरीला लागलं, पगार वाढला, आणि रॉकच्या मागे काय आहे ते शोधत ब्लूजपर्यंत पोचलं. मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली ब्लूजचा महोत्सव सुरू झाला तेव्हा बडी गायला ऐकायला इथून विमानानं जाणारे होते. ही माणसं उथळ नाहीत. रॉबर्ट जॉन्सननं १९३६ साली सॅन अँटोनिओत आणि १९३७ साली डॅलसमध्ये मिळून एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यातल्या कुठल्या गाण्याच्या दोन आवृत्त्या उरल्या आणि दोन्हींत फरक कुठे, हे तुम्हाला इंदिरानगरमधल्या एखाद्या गच्चीवर रात्री अकरा वाजता व्यवस्थित समजावून मिळेल.

आणि यांचे कान खरोखर तयार आहेत. ब्लूजमधला गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. गायक दोन्हींच्या मधल्या जागेत तो दाबतो, सोडतो. दरबारीतल्या गंधारावर जीव टाकणाऱ्या घरात वाढलेल्याला ती जागा पटकन कळते. ओळ एकदा म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं, आणि मधल्या मोकळ्या जागेत गिटारनं झील धरायची, हेही पोवाडा ऐकलेल्याला परकं वाटायचं कारण नाही. भिंतीला ठोकलेली एक तार आणि तिच्यावर फिरणारी बाटली, एवढ्या वाद्यावर मिसिसिपीतली पोरं वाजवायला शिकत. आमच्याकडे त्या एका तारेला तुणतुणं म्हणतात, एकतारी म्हणतात.

या कानांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते विचारतात: गाणं मूळ कुणाचं? आमच्या मंडळींना याचं वेडच आहे. लेड झेपलिनचं १९६९चं गाजलेलं गाणं विली डिक्सनच्या शब्दांवर उभं होतं, त्यानं १९८५ साली दावा लावला आणि तडजोडीत त्याला श्रेय मिळालं, हे सगळ्यांना पाठ. स्टोन्सनी गायलेल्या जॉन्सनच्या दोन गाण्यांचा वाद अमेरिकेच्या अपील न्यायालयात २००० सालापर्यंत चालला आणि गाणी बेवारस नाहीत असा निकाल लागला, तेही. वसतिगृहात गिटार हाती घेतलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ शिकतो. ॲनिमल्सनी १९६४ साली ते गाजवलं; तबकडीवर ‘पारंपरिक, संयोजन: ॲलन प्राइस’ असं छापलं आणि पैसे एकट्या प्राइसला मिळाले, ही गोष्टही सांगितली जाते. त्याआधी १९३७ साली केंटकीतल्या मिडल्सबरो गावात ॲलन लोमॅक्सनं ते जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीकडून ध्वनिमुद्रित केलं होतं. तीही त्या गाण्याची कर्ती नव्हे, पण तिचं नाव लिहून ठेवलेलं आहे. ते नाव सांगताना आमच्या मंडळींचे डोळे पाणावतात. मी पाहिलंय.

आता गंमत पाहा. अशाच एका बैठकीत मी वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची जुनी कॅसेट लावली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, मजुरी करत मोठेपणी अक्षरं शिकलेला आणि मग हजारोंनी गाणी लिहून गावोगाव गाणारा माणूस. ब्लूजच्या चाहत्यानं स्वप्नात मागावं असं चरित्र. दीड गाणं झालं. एक जण म्हणाला, रेकॉर्डिंग फार खराब आहे रे. दुसरा म्हणाला, हे जयंतीच्या मिरवणुकीसारखं वाटतंय, मूड जातो. तिसरा काही बोलला नाही, त्यानं फक्त आवाज कमी केला. मग पुन्हा जॉन्सन लागला. त्याच्या तबकडीवर चुलीवरच्या कढईसारखी चरचर आहे, आणि त्या चरचरीला ही मंडळी ‘काळाचा स्पर्श’ म्हणतात.

हा दुटप्पीपणा अभिरुचीच्या नावाखाली खपतो, म्हणून त्यावर लिहावंसं वाटलं. भीमगीतं कर्कश, लाउडस्पीकरची, असं म्हणणाऱ्यांना मडी वॉटर्सची कहाणी तोंडपाठ असते. मिसिसिपीच्या स्टोव्हॉल मळ्यातला हा मजूर शिकागोला आला, तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गलबल्यात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्यानं विजेची गिटार घेतली आणि रॉकचा पाया घातला गेला. गर्दी मोठी, म्हणून आवाज मोठा. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर, चाळीच्या पटांगणात गाणाऱ्याला लाउडस्पीकर का लागला, याचं उत्तर यापेक्षा वेगळं नाही. शिकागोतला मोठा आवाज म्हणजे इतिहास. नागपुरातला मोठा आवाज म्हणजे ध्वनिप्रदूषण!

यावर हमखास येणारं उत्तर: संगीतात जात कशाला आणता? आणलेली मी नाही. बडी गायचे आईवडील लुईझियानात बटाईनं शेती करत, त्यानं पहिली गिटार घरीच तारा ताणून बनवली, ही माहिती संगीतात चालते. तिनं सोलोची गोडी वाढते. मग वामनदादांची किंवा एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या औरंगाबादच्या कडूबाई खरातांची माहिती गोडी का घालवते? कारण मिसिसिपीतल्या दुःखाशी आपला व्यवहार नाही. त्या मळ्याचा मालक आपला आजोबा नव्हता. इथल्या गाण्यात मात्र गावाची वेस येते, पाणवठा येतो, आणि ऐकणारा आपण वेशीच्या कुठल्या बाजूला होतो ते त्याला माहीत असतं. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांवरून आपल्या संघटनेला नाव दिलं. त्यांना या दोन दुःखांमधलं नातं दिसलं होतं, आणि त्यांच्याकडे रेकॉर्डचा संग्रह नव्हता.

आमच्यातले काही जण इथे फ्यूजनचा दाखला देतात. मागे ड्रम, बास, पुढे लोकगीत, मंचावर निळा प्रकाश. ऐकावं, मलाही त्यातलं काही आवडतं. पण लोकगायकाला चार कडव्यांपुरतं बोलावून, पत्रकावर तळाला ‘लोककलावंत’ एवढंच छापून परत पाठवायचं, याला ‘मुळांकडे जाणं’ म्हणू नये.

मला सगळ्यात जास्त छळतो तो ‘पारंपरिक’ हा शब्द. कॅसेटच्या वेष्टनावर, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘गीत: पारंपरिक, संगीत: पारंपरिक’. हे गृहस्थ कोण? कुठल्या तालुक्याचे? बऱ्याचदा ते गृहस्थ नसतातच. ती एखादी बाई असते. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क त्याच्याकडून सहजी लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. चांगलं झालं. पण हक्काला आधी नाव लागतं. ‘पारंपरिक’चं बँकेत खातं नसतं. आणि हे ज्यांना कुणीही न शिकवता कळायला हवं, ज्यांनी प्राइस आणि झेपलिन यांच्या नावानं वीस वर्षं बोटं मोडली, ते या शब्दावरून डोळे फिरवून पुढे जातात.

नाव शोधता येतं. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी महाराष्ट्राच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. एवढ्या ओव्यांना ‘पारंपरिक’ म्हणून एका पोत्यात भरणं सोपं होतं. त्यांनी प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका लिहिला. ओवी तिच्या आजीकडून आलेली असेल. तरी त्या दिवशी ती गायली कुणी, हे कागदावर आलं. माझ्या मते मराठीत गेल्या पन्नास वर्षांत झालेलं संगीतावरचं हे सर्वांत मोठं काम आहे, आणि गच्चीवरच्या बैठकीत त्याचं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही.

तिकडच्या चाहत्यांनी काय केलं, ते आमच्या मंडळींना माहीत आहे, म्हणून तर राग येतो. मिसिसिपी जॉन हर्टनं १९२८ साली काही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि तो शेतीत परतला. पस्तीस वर्षांनी टॉम हॉस्किन्स या चाहत्यानं एका गाण्यात गावाचं नाव ऐकलं, ॲव्हलॉन. जुन्या नकाशात ते सापडलं, तो तिथे गेला, आणि हर्ट घरी होता. त्याच वर्षी, १९६३ साली, हर्ट न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला. बेसी स्मिथ १९३७ साली वारली, तिच्या थडग्यावर तेहतीस वर्षं दगड नव्हता. तो १९७० साली बसला, जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीकडे घरकाम केलेल्या ह्वानिता ग्रीन यांच्या पैशांतून. या चाहत्यांची आरती ओवाळायचं कारण नाही. शोधणाऱ्यांनीही नावं गिळली: मडी वॉटर्सचं १९४१चं ध्वनिमुद्रण लोमॅक्सच्या नावावर प्रसिद्ध आहे, पण त्या मोहिमेत फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय संशोधक जॉन वर्क बरोबरीनं होते, आणि त्यांचं लिखाण पुस्तकरूपानं यायला २००५ साल उजाडलं. तरी ती माणसं गाडीत बसली. गाण्यात गावाचं नाव आलं तर ते गाव कुठेतरी असणार, इतकं त्यांना सुचलं.

बंगळूरच्या चाहत्याला तर नकाशाही नको. सिद्धलिंगय्या याच शहरातल्या श्रीरामपुरात वाढले. दलित संघर्ष समितीच्या मोर्च्यांतून त्यांची गाणी रस्त्यारस्त्यावर गायली गेली, आणि २०२१ साली ते गेले. श्रीरामपूर पेकोसपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तमटे हे कातड्याचं वाद्य इथल्या दलित वस्त्यांचं. मयताला लागतं म्हणून हवं, आणि मयताला वाजतं म्हणून अशुभ. ते वाजवणाऱ्या मुनिवेंकटप्पांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तमट्याचा ठेका नुसत्या कानांनी ऐका. ज्याला ‘शिकागो शफल’ कळतो त्याला तोल पहिल्या मिनिटात सापडेल. मुनिवेंकटप्पा चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातले. हाच जिल्हा, जिथे आमची मंडळी दर चार-सहा शनिवारांनी पहाटे चारला उठून, गाडीत जॉन हर्ट लावून, नंदी हिल्सवर सूर्योदय बघायला जातात, आणि नऊच्या आत परत येतात, कारण मग हेब्बाळला गर्दी लागते.