मूठभर धान्याचा हिशेब

सप्टेंबर महिना जवळ आला की जिल्हा वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर सार्वजनिक संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांच्या सूचना दिसू लागतात. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, हिशेबतपासनीसाची नेमणूक करणे आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. या सर्वांच्या खाली बारीक टाइपात एक टीप असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. वर्षानुवर्षे छापल्या जाणाऱ्या या टिपेकडे आता कोणाचे लक्षही जात नाही. परंतु आपल्या सेवाभावी संस्थांच्या दुखण्याचे निदान त्या दोन ओळींतच आहे. माणसे येणार नाहीत हे गृहीत धरून संस्था सभा बोलावते आणि आपल्यावाचून सभा होणारच आहे हे ठाऊक असल्याने माणसे येत नाहीत.

संस्थाचालकांना विचारले तर ते पैशाची अडचण सांगतात. ती खोटी नाही. पण ती मूळ अडचणही नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीकडे येणारा मदतीचा ओघही पुरासारखाच होता. समाजाची देण्याची वृत्ती आटलेली नाही, हे अशा प्रत्येक संकटात सिद्ध होते. आटतो तो नंतरचा संबंध. पाणी ओसरते, चिखल वाळतो, छायाचित्रे थांबतात. आणि ज्या संस्थेला पडलेली भिंत उभारायची असते, भिजलेली पुस्तके बदलायची असतात, तिला पुढची दोन वर्षे एकटीनेच चालावे लागते. देणगी आली, पण देणारा आला नाही. हीच गोष्ट कार्यकारिणीची. पत्रशीर्षावर अकरा नावे असतात. प्रत्यक्ष ओझे एका कार्यवाहाच्या खांद्यावर असते आणि तो थकला की संस्थेचेच वय झाल्याची भाषा सुरू होते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांनीच ते शंभर वर्षांपूर्वी, आणि तेही दोन निरनिराळ्या वाटांनी, दिले आहे.

पहिली वाट मुठीची. मिरज तालुक्यात वारणेकाठी वसलेल्या दुधगावात १९१० च्या सुमारास तरुण भाऊराव पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे केले. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास हलविले. या कार्याचा आर्थिक पाया काय होता? मुष्टिफंड. घरातील माउलीने रोज दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि तेच पुढे वसतिगृहातील मुलांच्या ताटात भाकरी होऊन जायचे. ज्या घरात स्वतःच्या मुलांना पाटी घेणे कठीण, त्या घरातूनही ही मूठ निघत असे.

मुष्टिफंडाकडे केवळ निधी जमविण्याची युक्ती म्हणून पाहिले तर त्यातले मर्म हातून निसटते. वर्षातून एकदा शंभर रुपये देणारा मनुष्य उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मोकळा असतो. रोज मूठ काढणारी गृहिणी मात्र रोज सकाळी त्या मुलांची आठवण काढते. ती मुले कोणाची, नीट शिकतात की नाही, सर्व जातींची मुले एका पंगतीत बसतात म्हणजे नेमके काय होते, हे प्रश्न तिच्या उंबऱ्याच्या आत येतात. दान लहान होते म्हणूनच ते नित्याचे होऊ शकले आणि नित्याचे झाले म्हणूनच दाता संस्थेचा मालक झाला. भाऊरावांनी काही काळ किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपविण्याचे काम केले होते. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बोलण्याची ती सवय पुढे संस्थेच्या कामी आली असल्यास नवल नाही. लक्ष्मीबाईंनी तर वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी गळ्यातील मंगळसूत्र मोडले. जेथे संस्थाचालकाच्या घरातून प्रथम असे दान निघते, तेथे इतरांपुढे हात पसरताना शब्द अडखळत नाहीत.

या नात्याला एक मर्यादाही होती आणि ती तितक्याच ठामपणे सांभाळली गेली. साताऱ्यात १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. मोठ्या देणगीच्या बदल्यात नाव बदलण्याची सूचना झाली, तेव्हा एक वेळ स्वतःच्या वडिलांचे नाव बदलीन, पण महाविद्यालयाला दिलेले शिवछत्रपतींचे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर भाऊरावांनी दिल्याची आठवण आजही सांगितली जाते. दात्याचा सन्मान करावा, त्याला विश्वासात घ्यावे. पण संस्थेचे ध्येय विक्रीस काढू नये, हा त्यातला धडा आहे. सरकार हाही एक दाताच असतो आणि तोही रुसतो. भाऊरावांच्या परखड भाषणांमुळे १९४८ च्या सुमारास संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले. त्या काळात गाडगे महाराज संस्थेच्या पाठीशी उभे राहिले आणि अनुदान पुन्हा सुरू व्हावे म्हणून त्यांनी शब्द खर्च केला. ज्यांच्यापाशी स्वतःचे असे काहीच नव्हते, त्या महाराजांचे नाव १९५४ मध्ये कराडच्या महाविद्यालयाला मिळाले. संस्थेच्या लेखी मोठा दाता कोण, हे यावरून कळावे.

दुसरी वाट वर्षांची. ज्या १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था जन्मली, त्याच साली सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. या सोसायटीच्या संस्थापकांत साताऱ्याचे एक सुपुत्र होते. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. एम.ए. झालेल्या या तरुणाला सरकारी नोकरीचे दार उघडे होते. त्याने ते स्वतःच लावून घेतले. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीत आजीव सभासदाने तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घ्यावयाची आणि संस्थेचा दैनंदिन कारभारही त्यानेच चालवावयाचा, अशी रचना होती. देणगीदारांना घटनेत स्वतंत्र स्थान होते. पण संस्था चालविण्याचा अधिकार आयुष्याची वर्षे देणाऱ्याचा होता.

आजीव सभासदाने बाहेरची कामे व बाहेरची मिळकत ठेवावी की नाही, या प्रश्नावरून तेथे तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये लोकमान्य टिळकांनी राजीनामा दिला. त्या वादात व्यक्तिगत कटुताही होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण वादाचा विषय पाहावा. संस्थेच्या चालकाने संस्थेला किती द्यावे, या मुद्द्यावर त्या काळची माणसे भांडत होती. आज चालक सभेस येतो की नाही, हाच प्रश्न उरला असेल तर घसरण किती झाली, याचे मोजमाप वेगळे करावयास नको.

हे दिवस गेले, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबात जाते राहिलेले नाही आणि वीस वर्षांची प्रतिज्ञा घेणारे पदवीधर रांगेत उभे नाहीत. शिवाय आता कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. हा पैसा उपयुक्त आहे आणि तो जरूर मिळवावा. परंतु कायद्यातच कंपनीने आपल्या परिसराला अग्रक्रम द्यावा असे सांगितले आहे. तेव्हा कारखान्यांपासून दूर असलेल्या माण, खटाव, आटपाडी वा जतमधील छोट्या वसतिगृहाने त्याची वाट पाहत बसणे व्यर्थ. प्रकल्पाची मुदत संपली की कंपनी निघून जाते आणि गाव मागे राहते.

आणि गाव अजून देते, याचा पुरावाही याच मातीत आहे. कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा जिंकली ती श्रमदानाच्या बळावर. ज्याने उन्हात चर खणला, तो पहिल्या पावसात चर भरला की नाही हे पाहायला सांगितल्यावाचून जातो. मुष्टिफंडाची ही आजची आवृत्ती होय. माणूस ज्यात हात घालतो, त्यावर त्याची नजर राहते.

म्हणूनच संस्थांनी काही सवयी बदलावयास हव्यात. देणगीदाराला वर्षातून एकदाच, तीही मार्चअखेरीस, प्राप्तिकर सवलतीच्या पावतीच्या निमित्ताने आठवू नये. तीन महिन्यांतून एक पानी पत्र जावे. त्यात किती मुले आली, किती गेली, कशावर किती खर्च झाला आणि कोणते काम फसले, हे सारे असावे. अपयश कळविणाऱ्या संस्थेवर लोक अधिक विश्वास ठेवतात. मोठ्या एकरकमी देणगीपेक्षा दरमहा शंभर रुपये देणारी शंभर घरे जोडावीत. निवृत्त शिक्षक, सनदी लेखापाल, डॉक्टर यांच्याकडे पैसा मागण्याआधी वेळ मागावा. कार्यकारिणीतील प्रत्येकाकडे एक नेमके काम असावे आणि त्याचा अहवाल त्यानेच द्यावा. विश्वस्तांनी वर्षातून निदान चार वेळा वसतिगृहाच्या पंगतीला बसून जेवावे; ताळेबंदात न दिसणाऱ्या अनेक गोष्टी तेथे दिसतात. मुदत संपलेल्याने सन्मानाने जागा सोडावी आणि तिथे तिशीतला कार्यकर्ता यावा. विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावा. वर्षानुवर्षे तसेच पडलेले बदल अर्ज आणि दिवंगतांची नावे मिरविणाऱ्या नोंदी हे अनेक वादांचे बीज असते. २०२५ मध्ये राज्य शासनाने आजीव विश्वस्तांच्या संख्येवर मर्यादा आणली. कायद्याला हे सांगावे लागले, यातच संस्थाजीवनावरची टीका दडलेली आहे.

दात्याचेही कर्तव्य आहे. देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक, असे गीता सांगते. पात्र पाहावयाचे तर डोळे उघडे हवेत, पाय तिथवर जावयास हवेत. मुलाच्या वाढदिवशी धनादेश पाठविणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाने त्या दिवशी मुलाला घेऊन संस्थेत जावे, तिथल्या मुलांबरोबर जेवावे आणि निघताना हिशेबाची वहीही पाहण्यास मागावी. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे. ती आपलेपणाची खूण आहे. परक्याच्या घरातील जमाखर्च कोणी विचारीत नाही.

येत्या वर्षी सभेची सूचना छापताना एखाद्या संस्थेने खालची ती टीप वगळून पाहण्याचे धाडस करावे. तसे करण्यास घटना आडवी येत असेल, तर निदान सभेच्या आधी आठवडाभर प्रत्येक कार्यकारिणी सदस्याने दहा घरांचे उंबरे झिजवावेत. अर्ध्या तासाने, रिकाम्या खुर्च्यांसमोर मंजूर होणारा जमाखर्च कायदेशीर असतो, पण त्यात कोणाची मूठ नसते. मूठ नाही तेथे संस्थेची इमारत उरते, संस्था उरत नाही.