दफ्तराचा जाच

करदात्यांच्या हिशेबांची तपासणी आणि त्यासाठी काढावयाची अधिकारपत्रे तहकूब करण्याचा जो हुकूम फिलिपिन्सच्या ब्यूरो ऑफ इंटर्नल रेव्हेन्यूने नोव्हेंबर 2025 मध्ये काढला, त्याचे व्यापाऱ्यांनी स्वागत केले हे योग्यच झाले. पण ज्याच्या दुकानात तपासनीस कधी पाऊल टाकीत नाही आणि ज्याचा सरकारशी संबंध केवळ जिल्हा महसूल कचेरीतील खिडकीपुरता येतो, त्या सामान्य फिलिपिनो माणसाला या हुकुमाने काय मिळाले? काहीही नाही.

घरी बसून चित्रे काढणारी अथवा भाषांतरे करणारी एखादी तरुणी घ्या. तिने 1901 क्रमांकाचा अर्ज भरला, नोंदणीचा दाखला घेतला, हिशेबाच्या वह्या नोंदवून घेतल्या. वर्षाला अडीच लाख पेसोंपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, असे 2018 पासून अमलात असलेला कायदा सांगतो. तरीही कराचा एक पेसोही देणे निघत नसताना तिमाही आणि वार्षिक विवरणपत्रे तिने भरलीच पाहिजेत. पुढे तिला नोकरी लागते, कर पगारातूनच कापला जाऊ लागतो आणि जुना व्यवसाय आपोआप मिटला अशी तिची साहजिक समजूत होते. दफ्तराला ती मान्य नाही. 1905 क्रमांकाचा अर्ज देऊन नोंद बंद केली नाही, तर न भरलेले प्रत्येक विवरणपत्र एकेक ‘ओपन केस’ म्हणून साचत जाते आणि काही वर्षांनी अन्य कामासाठी ती खिडकीशी गेली म्हणजे, जो कर कधी देणेच नव्हता त्याच्या कागदांपायी दंडाचा आकडा तिच्यापुढे ठेवला जातो. तिच्या पगाराची आणि कापलेल्या कराची माहिती मालकाकडून त्याच खात्यात दरसाल रुजू होत असते. मग चूक कोणाची?

करदाता क्रमांकाचीही हीच कथा. पहिल्या मालकाने काढलेला क्रमांक ठाऊक नसल्यामुळे कोणी दुसरा घेतला, तर तो फौजदारी गुन्हा ठरतो आणि हजार पेसोंपर्यंत दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, सांगितलेली आहेत. एकाच माणसाला दोन क्रमांक देणारे खाते मात्र निर्दोष!

जानेवारी 2024 च्या करसुलभता कायद्याने 500 पेसोंचे वार्षिक नोंदणीशुल्क रद्द केले, विवरणपत्र कोठेही भरण्याची मुभा दिली. या सुधारणा खऱ्या आहेत, त्या आम्ही नाकारीत नाही. परंतु शुल्क गेले तरी हेलपाटे उरले. आणि रोजंदारी बुडवून रांगेत घालवलेला दिवस हाही एक करच आहे, जो कोणत्याही अंदाजपत्रकात जमा दिसत नाही.

कागदाच्या या जाचाची स्मृती त्या देशात जुनी आहे. ऑगस्ट 1896 मध्ये क्रांतिनेते बोनिफासियो आणि कातिपुनान या गुप्त क्रांतिसंघटनेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव पुकारला तो ‘सेदुला’ नावाचे करपत्रच फाडून. आणि सामुदायिक कराचा दाखला म्हणून ते पत्र 1991 च्या स्थानिक शासन संहितेनेही कायम ठेवले. ज्या सरकारला कागद इतका प्रिय, त्याच सरकारच्या तिजोरीतून प्रत्यक्ष जमिनीवर नसलेल्या पूरनियंत्रण कामांची देयके बिनबोभाट निघाली आणि 21 सप्टेंबर 2025 रोजी हजारो लोक मनिलाच्या रस्त्यांवर उतरले. लहान माणसाच्या शून्य रकमेच्या विवरणपत्राबद्दल दक्ष असलेली यंत्रणा कंत्राटदाराच्या कोट्यवधींच्या बिलांपुढे आंधळी होते, हा अन्याय आम्हांस अक्षम्य वाटतो.

खात्याने पहिले विवरणपत्र चुकताच करदात्यास लेखी सूचना द्यावी, मालकाकडून आलेल्या माहितीवरून निष्क्रिय नोंदी स्वतःच बंद कराव्यात आणि ज्यांच्यावर कर निघतच नव्हता त्यांचे साचलेले दंड माफ करावेत. देशभरची तपासणी एका हुकुमाने थांबवता येते, तर एवढे करण्यास दुसरा हुकूम पुरेसा आहे. तो विनाविलंब निघाला पाहिजे.