अठरा मिनिटें

गेल्या रविवारीं दुपारची जेवणें आटोपल्यावर कपाटाच्या तळांतून एक जुनी तबकडी बाहेर काढली. गुस्ताव्ह माहलर या संगीतकाराची नववी सिंफनी. वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, संचालक ब्रूनो वाल्टर. मूळ ध्वनिमुद्रण १६ जानेवारी १९३८ चें. एके काळीं ही तबकडी मीं इतकी वाजविली होती कीं, घरांतील मंडळी तिला ‘काकांची पोथी’ म्हणत. पुढें कित्येक वर्षें तिला हात लागला नाहीं.

शेजारीं बसलेल्या पुतण्यानें थोड्या वेळानें विचारलें, “काका, मधून मधून माणसें खोकताहेत, तें काढून कां टाकलें नाहीं?”

प्रश्न रास्त होता. हें मुद्रण बंद खोलींत झालेलें नव्हे. श्रोत्यांनीं भरलेल्या सभागृहांत, चालू मैफलींत तें टिपलें आहे. त्या काळीं तबकडीच्या एका बाजूस चारसाडेचार मिनिटांहून अधिक संगीत मावत नसे. ही सिंफनी सत्तर मिनिटांची. म्हणजे दहा तबकड्या, वीस बाजू! या कामावर देखरेख करणारे फ्रेड गैसबर्ग हे आपणांस अगदीं परके नव्हेत. १९०२ सालीं कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें टिपून नेणारे तेच हे गृहस्थ.

माहलर १९११ च्या मे महिन्यांत वारला; ही सिंफनी त्यास स्वतःला कधींच ऐकावयास मिळाली नाहीं. पुढल्या वर्षीं व्हिएन्नांतच, याच वाद्यवृंदाकडून, त्याच्या शिष्यानें म्हणजे वाल्टरनें ती प्रथम वाजवून घेतली. १९३८ च्या त्या दिवशीं व्हायोलिनवाद्यांच्या अग्रभागीं माहलरचा मेहुणा आर्नोल्ड रोझे बसला होता. ती जागा तो १८८१ पासून भूषवीत होता. त्यानंतर आठच आठवड्यांनीं, १२ मार्च रोजीं, हिटलरचें सैन्य ऑस्ट्रियांत शिरलें. वाल्टर ज्यू, तो त्या वेळीं परदेशीं होता, तो परतलाच नाहीं. रोझेची जागा गेली. वृद्धपणीं त्यास लंडनचा आश्रय घ्यावा लागला. त्याची मुलगी आल्मा, तीही नामांकित व्हायोलिनवादक, १९४४ सालीं आउश्वित्झच्या छावणींत मरण पावली.

ही सारी हकीकत पूर्वीं मी पाहुण्यांना तबकडी लावण्याआधींच ऐकवीत असें. मग शेवटचा संथ भाग सुरू झाला कीं सर्वांचे चेहरे गंभीर होत, एखादीचा पदर डोळ्यांस लागे, आणि मला धन्यता वाटे. एका नगरीचा अंतकाळचा विलापच आपण ऐकत आहों अशी माझी खात्री होती.

या खेपेस सहज घड्याळाकडे लक्ष गेलें. तो शेवटचा भाग सुमारें अठरा मिनिटांत संपला! पुढील काळांतील बहुतेक संचालक त्यास तेवीस, पंचवीस, कधीं त्याहूनही अधिक मिनिटें घेतात. खुद्द वाल्टरनें १९६१ सालीं अमेरिकेंत तीच सिंफनी पुन्हां मुद्रित केली, तेव्हां तोही या भागांत अधिक रेंगाळला आहे. तें मुद्रण स्वच्छ आहे, एकही खोकला नाहीं. १९३८ च्या वादनांत मात्र रेंगाळणें म्हणून नाहीं. तंतुवाद्यें एका दमांत पुढें जातात. ज्यांना उद्यां पुन्हां तालमीस यावयाचें आहे, अशीं माणसें वाजवितात तशीं. तिसऱ्या भागांत तर घाईनें स्वर एकमेकांवर आदळतात, आणि तो धसमुसळेपणा मला आतां फार आवडूं लागला आहे. विलाप तबकडींत नव्हता. तो माझ्या प्रस्तावनेंत होता. इतकीं वर्षें मी पाहुण्यांना संगीत ऐकूं न देतां आपली हकीकतच ऐकवीत होतों. (आणि आज वाचकांनाही आधीं तीच सांगून बसलों. संवय सहजासहजीं सुटत नाहीं.)

पुतण्याला मीं इतकेंच सांगितलें कीं, ते लोक तिकीट काढून आले होते, आणि जानेवारींत व्हिएन्नास कडक थंडी असते. त्याचें समाधान झालेलें दिसलें. शेवटीं व्हायोलिनचा स्वर विझत विझत तबकडीच्या खरखरींत मिसळून गेला, तरी तो उठला नाहीं. थोड्या वेळानें म्हणाला, “ती शेवटची बाजू पुन्हां लावा ना.”

लावली. आंतून वहिनींनीं चहा झाल्याचें दोनदां सांगितलें. तो निवूनच गेला.