जागेचं सर्टिफिकेट कोण देणार?

पाणीपट्टी वाढवायचा प्रस्ताव आला की गळतीचा आकडा त्याच्या मागोमाग येतोच. अमुक टक्के पाणी वाया जातं असं सभागृहात सांगितलं जातं, दुसऱ्या दिवशी ते छापून येतं आणि मग सगळे तो आकडा खरा धरून भांडतात. मी इन्स्ट्रुमेंटेशनची डिप्लोमावाली. कारखान्यांतले आणि पाणीपुरवठ्याचे फ्लोमीटर तपासणं हा माझा धंदा. माझा प्रश्न या भांडणाच्या आधीचा आहे. शहरात मुळात पाणी आलं किती, हे कुणी मोजलं? आणि मोजणारा मीटर शेवटचा तपासला कधी, कुठं?

बऱ्याच ठिकाणी ते पाणी मोजलेलंच नसतं. पंपाच्या पाटीवर ताशी 1000 घनमीटर लिहिलंय, पंप 20 तास चालला, म्हणजे दोन कोटी लिटर, असा रजिस्टरचा हिशोब. पंपाचा इम्पेलर झिजलाय आणि तो 850 च देतोय, हे पाटीला कळत नाही. मग उरलेले तीस लाख लिटर ‘गळती’त जातात. जे पाणी नदीतून वर आलंच नाही, ते शोधायला रस्ते खोदायचे.

जिथं मीटर आहे तिथं साहेब फाइल उघडून कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दाखवतात. सर्टिफिकेट बहुतेक वेळा खरंच असतं. केरळात पालक्काडला फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, तशा प्रयोगशाळांत मीटरमधून गेलेलं पाणी टाकीत घेऊन चक्क वजन करतात आणि मीटरच्या आकड्याशी ताडून बघतात. तिथं पाइप सरळ, गच्च भरलेला, हवेचा बुडबुडा नाही. त्या परिस्थितीत हा मीटर अर्धा टक्का इकडेतिकडे दाखवतो, एवढंच तो कागद सांगतो. तोच मीटर ट्रकमधून आला, कंत्राटदाराच्या मेस्त्रीनं एल्बोला चिकटून बसवला, गॅस्केट अर्धा इंच आत आलं, की कागदाचा त्या जागेशी काही संबंध राहत नाही.

पाणीपुरवठ्यात आता जास्त करून इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर असतात. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिलं की त्यात बारीकसं व्होल्टेज तयार होतं आणि दोन इलेक्ट्रोड ते टिपतात. (फॅरेडेनं 1832 मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीवर हे करून पाहिलं होतं. जमलं नाही, त्याच्याकडची उपकरणं कमी पडली.) मीटरला कळतो तो फक्त वेग. त्याला पाइपच्या पूर्ण क्षेत्रफळानं गुणून तो आकडा देतो. पाइप भरलेलाच आहे, हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. मीटर लाइनच्या सगळ्यात उंच जागी बसवला, किंवा पुढं पाइप उघडाच टाकीत पडतोय, तर वरच्या भागात हवा राहते. इलेक्ट्रोड पाण्यात असतील तर मीटर ती हवाही पाणी म्हणून मोजतो. इलेक्ट्रोड उघडे पडले तर आकडा नाचायला लागतो.

एका छोट्या गावच्या पंपहाऊसवर ऑपरेटरनं मला आल्या आल्या सांगितलं होतं, “ताई, ह्यो मीटर लबाड हाय. पंप बंद केला तरी पळतोय.” ऑफिसात कुणी त्याचं ऐकलं नव्हतं, कारण सर्टिफिकेट ताजं होतं. पंप थांबला की तिथली लाइन उताराला रिकामी होत होती आणि रिकामा पाइप ओळखायची सोय सेटिंगमध्ये बंद ठेवलेली होती. झीरो बघायचा तर पाइप भरलेला आणि पाणी स्थिर हवं. त्यासाठी मीटरच्या पुढं व्हॉल्व्ह लागतो. तो खर्च वाचवण्यासाठी गाळलेला. तिथं मीटर काढून पुन्हा प्रयोगशाळेत पाठवला असता तर पुन्हा पास होऊन आला असता.

दुसरा दोष इतका साधा आहे की सांगायला लाज वाटते. मीटर आपला आकडा 4 ते 20 मिलीअँपिअरच्या सिग्नलनं पॅनेलला पाठवतो. मीटरमध्ये 20 मिलीअँपिअरला ताशी 500 घनमीटर लावलेले, आणि पॅनेल लावणाऱ्या दुसऱ्या कंत्राटदारानं पीएलसीत, म्हणजे तो सिग्नल वाचणाऱ्या पॅनेलमधल्या यंत्रात, 600 भरलेले. मीटरवर 250 दिसतात तेव्हा संगणकाच्या पडद्यावर 300. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बिनचूक. पण अहवाल पडद्यावरून निघतो. पाइपाला एकही भोक नसलं तरी या एका चुकीनं जवळपास 17 टक्के ‘गळती’ तयार होते. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं 2008 मध्ये शहरांसाठी मापदंड ठरवले, त्यात बिलात न येणारं पाणी 20 टक्क्यांपर्यंत असावं असं आहे. म्हणजे मापदंड जवळजवळ सगळा पॅनेलनंच खाल्ला.

अशा वेळी मला हमखास एक सूचना मिळते: “मॅडम, फॅक्टर थोडा कमी करून द्या ना.” कारखान्यांत सांडपाण्याच्या मीटरबाबतही हेच. फॅक्टर म्हणजे मीटरचा आकडा ठरवणारा गुणक. तो सेन्सरच्या पाटीवर कोरलेला असतो, प्रयोगशाळेतून आलेला असतो. ट्रान्समीटर बदलताना तो नव्यात भरायचा राहून गेला असेल तर भरावा. त्यापलीकडं त्याला हात लावणं म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक चढवणं. अर्थिंग, पाइप, सिग्नल, रेंज हे सगळं तपासून होईपर्यंत मी सेटिंगचा पासवर्ड टाकत नाही. यावरून कामं गेली आहेत. जाऊ देत.

वाद फार वाढला की पाइपाला बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक मीटर पंच म्हणून आणतात. माझ्याकडंही आहे, मी वापरते. पण त्यालाही पाइपाचा आतला व्यास आपणच सांगायचा असतो. जुन्या बिडाच्या 300 मिलीमीटर पाइपात सगळीकडून सहा मिलीमीटर गंज-खर धरली असेल आणि मी पुस्तकातला व्यास भरला, तर पंचच आठ टक्के जास्त सांगणार.

म्हणून माझा भरवसा टाकीवर. गोल टाकीचा आतला व्यास 20 मीटर असेल, तर पाणी एक मीटर चढलं म्हणजे 314 घनमीटर आलं. बाहेर जायचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आधी अर्धा तास दोन्ही बाजू बंद ठेवून पातळी उतरत नाही ना ते बघायचं, मग भरायला सुरुवात. मीटरनं त्याच वेळात 340 दाखवले तर आठ टक्के फरक कुठून आला ते शोधायचं. टेप एक सेंटिमीटर चुकली तर एक टक्का चुकलं, त्यामुळं अर्ध्या टक्क्याचा वाद इथं मिटणार नाही. पण आपले वाद कुठं अर्ध्या टक्क्याचे आहेत?

आमच्या सांगलीकडं उसाच्या काट्यावर शेतकऱ्याचा डोळा असतो. शंका आली तर गाडी बाहेरच्या काट्यावर नेऊन वजन ताडून बघतात. पाण्याच्या काट्याकडं कुणी फिरकत नाही. निविदेत मीटरची किंमत आणि प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट असतं, जागेवरच्या तपासणीची ओळच नसते. ती स्वतंत्र ओळ हवी, तिचे पैसे हवेत आणि टाकीची चाचणी झाल्याशिवाय मीटरचं बिल निघता कामा नये. मीटरचा चेंबर बांधण्याआधी व्यासाच्या पाचपट सरळ पाइप राहतो का, हे इन्स्ट्रुमेंटवाल्याला विचारायला हवं. चेंबर झाल्यावर विचारून काही उपयोग नाही. आणि चाचणी वर्षातून दोनदा, मीटर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस सोडून दुसऱ्या कुणाकडून.

यंदा पाणीपट्टीवर हरकती मागवतील तेव्हा मी एकच अर्ज देणार आहे: शहरात येणाऱ्या प्रत्येक मुख्य मीटरची टाकीवरची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, टाकीनं किती दाखवलं आणि मीटरनं किती, ते लेखी द्या.