कीटोन ड्रिंक: २ टक्के फास्ट की २ टक्के स्लो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने स्पष्ट सांगितलं: कीटोन सप्लिमेंटमुळे कामगिरी किंवा रिकव्हरी सुधारते याचा ठोस पुरावा नाही, म्हणून आम्ही त्याची शिफारस करत नाही. बंदी मात्र घातली नाही. मग टूर द फ्रान्सच्या टीम्स हे का पितात?

आधी बेसिक गोष्ट. उपाशी असताना किंवा कार्ब्स फारच कमी खाल्ल्यावर आपलं यकृत चरबीपासून कीटोन बनवतं. शरीर आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतात. कीटोन एस्टर प्यायलं की उपास न करताच रक्तातले कीटोन वाढतात. आयडिया हायब्रिड गाडीसारखी: दुसरं इंधन मिळालं, तर स्नायूंमधलं ग्लायकोजेन वाचेल.

२०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना तसंच दिसलं. तासभर सायकल चालवून झाल्यावर, पुढच्या अर्ध्या तासात कीटोन घेतलेले खेळाडू सुमारे २ टक्के जास्त अंतर गेले. पण त्या पेयाच्या पेटंटमध्ये काही संशोधकांचे हितसंबंध होते.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात १० प्रोफेशनल सायकलपटूंवर चाचणी झाली. ते ३१ किलोमीटरमध्ये सुमारे २ टक्के स्लो झाले, वर पोटही बिघडलं. तिथलं एस्टर वेगळं होतं, हे खरं. पण २०२३ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात, ऑक्सफर्डसारखंच एस्टर देऊनही, २० मिनिटांच्या चाचणीत पॉवर २ टक्क्यांच्या आसपास घटलीच.

का? कीटोनमुळे रक्ताची आम्लता थोडी वाढते आणि ग्लुकोज वापरण्याचा वेग मंदावू शकतो. जोर लावायच्या क्षणी शरीराला तर ग्लुकोजच हवं असतं.

अजून एक भानगड चवीची. एस्टर इतकं कडू असतं की खरं कुठलं आणि डमी कुठलं, हे लपवणं अवघड. ए/बी टेस्टमध्ये युजरलाच व्हर्जन कळलं, तर त्या रिझल्टवर किती भरवसा ठेवणार?

आता तुमच्या फीडमधल्या जाहिरातीकडे या. डब्यावर नेमकं काय लिहिलंय ते झूम करून वाचा. कीटोन सॉल्ट असेल, तर रक्तातली पातळी एस्टरइतकी वाढत नाही, आणि सोडियमसारखे क्षार मात्र भरपूर पोटात जातात. 'रास्पबेरी कीटोन' असेल, तर तो फक्त नावाचा भाऊ. त्याने रक्तातले कीटोन वाढत नाहीत. आणि डायबेटिस असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

टॉपच्या टीमला २ टक्क्यांच्या शक्यतेवर पैसे उडवणं परवडतं. आपल्याला झोप, नियमित सराव आणि रेसआधीची केळी यांतून मिळणारा फायदा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा आहे.