विश्लेषण : बोटात रुतलेल्या अंगठीलाही ‘कोड’, तो आपल्या केसपेपरवर का नाही?

बोट सुजते, अंगठी रुतते. साबण लावून होतो, तेल लावून होते, तरी ती हलत नाही. अखेर रुग्णालयात किंवा सोनाराकडे ती कापावी लागते. घरच्यांना हळहळ वाटते ती सोन्याची. रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘बोटाला सूज, अंगठी काढली’ एवढेच लिहिले जाते. अमेरिकेत मात्र याच प्रसंगाची नोंद दोन स्वतंत्र कोडनी होते. एक कोड बोटाला काय झाले ते सांगतो, दुसरा ते कशामुळे झाले ते सांगतो. हा फरक कागदोपत्री वाटला, तरी त्याचे परिणाम कागदापुरते नाहीत.

अंगठी बोटाला इजा कशी करते?

हृदयाकडे परतणारे रक्त पातळ भिंतींच्या निलांमधून, कमी दाबाने वाहते. अंगठी घट्ट झाली की आधी हा परतीचा मार्ग दबतो. रोहिणीतून रक्त येतच राहते, पण बाहेर पडत नाही. त्यामुळे सूज वाढते, सुजेमुळे अंगठी आणखी आवळते आणि हे चक्र चालू राहिले तर शेवटी येणारे रक्तही थांबते. बोट निळे-जांभळे किंवा पांढरे पडणे, बधिर होणे ही धोक्याची खूण आहे. त्यापुढचा टप्पा म्हणजे बोटाच्या पेशी मरणे. निमित्त साधेच असते. मधमाशीचा डंख, दारात चेमटलेले बोट, भाजणे, संधिवात, गरोदरपणातली सूज, किंवा वर्षानुवर्षे न काढलेली अंगठी.

कोड नेमका कोणता?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला आयसीडी म्हणतात. त्याच्या दहाव्या आवृत्तीवर आधारलेली ‘आयसीडी-१०-सीएम’ ही विस्तारित प्रणाली अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. त्यात ‘बोट बाहेरून आवळले जाणे’ याचा स्वतंत्र गट आहे, एस ६०.४४. पुढचा अंक बोट सांगतो. उजव्या हाताची अनामिका असेल तर एस ६०.४४४, डावी असेल तर एस ६०.४४५. अंगठ्यासाठी वेगळा गट, एस ६०.३४. हे झाले इजेचे.

कारणासाठी डब्ल्यू ४९.० हा गट. आवळणारी वस्तू केस असेल तर ४९.०१, दोरा असेल तर ४९.०२, रबरबँड असेल तर ४९.०३ आणि अंगठी किंवा अन्य दागिना असेल तर ४९.०४. केसाचा कोड पाहून हसू येईल, पण बाळंतपणानंतर आईचे गळणारे केस तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळले जाऊन बोट काळेनिळे पडल्याची प्रकरणे बालरोगतज्ज्ञांना परिचित आहेत. पायाच्या बोटांचा गट एस ९०.४४. म्हणजे सुजलेल्या पायात रुतलेली जोडवी या यादीत व्यवस्थित बसते, यादी अमेरिकेची असली तरी.

कारणाचा कोड कधीही पहिला लिहायचा नसतो. आधी इजा, मग कारण.

चुका कुठे होतात?

सर्वात फसवे असते ते सातवे अक्षर. ‘ए’, ‘डी’ किंवा ‘एस’. ‘ए’ म्हणजे पहिली भेट, असा समज नवख्या कोडरचा होतो, कारण त्याचे अधिकृत नावच तसे आहे. प्रत्यक्षात ‘ए’ म्हणजे इजेवर सक्रिय उपचार चालू आहेत. उपचार संपून जखम भरत असताना ‘डी’ आणि मागाहून उरलेल्या दोषासाठी ‘एस’. डब्ल्यू ४९.०४ ला पाचच अक्षरे असल्याने सहावी जागा ‘एक्स’ने भरावी लागते. पूर्ण कोड होतो डब्ल्यू ४९.०४एक्सए. तो एक ‘एक्स’ राहिला तर कोड अवैध ठरतो आणि बिल परत येऊ शकते.

दुसरी चूक अधिक गंभीर. बोट आवळले जाणे ही वरवरची इजा मानली जाते. त्याच जागी खोल जखम असेल तर वरवरच्या इजेचा वेगळा कोड लावायचा नसतो. आणि अंगठी कुठेतरी अडकून बोटाची कातडी, कधी बोटच, ओढले जाणे हा तर निराळाच अपघात आहे. अमेरिकी दूरचित्रवाणी निवेदक जिमी फॅलन यांना २०१५ मध्ये घरात पाय अडखळून पडताना अशी इजा झाली आणि बोट वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. तिथे ‘घट्ट अंगठी’चा कोड लावणे म्हणजे अपघाताचे स्वरूपच चुकीचे सांगणे. डॉक्टरने ‘अंगठीमुळे इजा’ एवढेच लिहिले असेल, तर कोडरने काय समजायचे?

आपल्याकडे काय होते?

अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंग मोठ्या प्रमाणावर भारतात होते, पुणे-मुंबईतही. मराठी तरुण-तरुणी तिकडच्या रुग्णाच्या अनामिकेसाठी अचूक कोड शोधतात. त्यांच्याच गावातल्या रुग्णाच्या बोटाला मात्र कोड मिळत नाही.

आपल्याकडे आयसीडी ठळकपणे वापरली जाते ती मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांच्या वर्गीकरणात. बोट गमावलेला माणूस जगतो, म्हणून तिथे तो दिसत नाही. आरोग्य विम्याच्या दाव्याचा जो भाग रुग्णालय भरते, त्यात निदानाच्या आयसीडी-१० कोडसाठी रकाने आहेत. पण अंगठी कापण्याचे काम अपघात विभागात थोड्या वेळात होते. रुग्ण दाखल होत नाही, त्यामुळे दावा नाही आणि कोडही नाही. शिवाय जागतिक आयसीडी-१० मध्ये अंगठीला स्वतंत्र जागाच नाही. डब्ल्यू ४९ हा तिथे ‘इतर व अनिर्दिष्ट’ कारणांचा सरसकट डबा आहे. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आयसीडी-११ मध्ये मूळ कोडला जोडकोड लावून अधिक तपशील नोंदवता येतो. पण तपशील केसपेपरवरच नसेल तर जोडणार काय?

मोजून काय साधते?

अमेरिकेत ग्राहक-उत्पादनांमुळे झालेल्या इजांची नोंद सुमारे १०० रुग्णालयांच्या नमुन्यातून ठेवणारी वेगळी यंत्रणा आहे आणि तिच्या वस्तूंच्या यादीत दागिनेही आहेत. आपल्याकडे, जिथे अंगठी, जोडवी, बांगडी आयुष्यभर अंगावर असते, तिथे याबाबत अंदाजाने बोलावे लागते. मोजणी असेल तर अपघात विभागात अंगठी कापण्याचे हत्यार असावे, हा आग्रह आकड्यांनिशी धरता येईल. धातूंचा प्रश्नही आहेच. सोने-चांदी साध्या कटरने कापली जाते. टंगस्टन कार्बाइड कापले जात नाही, ते पकडीने दाबून तडकवावे लागते. टायटॅनियमसाठी अधिक सक्षम कटर लागतो. ऑनलाइन अंगठी घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

डॉक्टरांकडून मोठी अपेक्षा नाही. कोणते बोट, कोणता हात, कोणती वस्तू, आवळली की ओढली गेली आणि किती वेळ, एवढी एक ओळ पुरे. गर्दीच्या सरकारी दवाखान्यात एक ओळही जड असते, हे मान्य. पण ‘अंगठी काढली’ या दोन शब्दांऐवजी ‘उजवी अनामिका, अंगठीने आवळली, सहा तास’ लिहायला फार वेळ लागत नाही.

घरी काय करावे?

हाताला मार लागला, भाजले किंवा काही चावले, तर सूज येण्याआधीच अंगठी काढावी. अडकली असेल तर हात काही मिनिटे उंच धरावा, थंड पाण्यात बुडवावा, मग साबण लावून फिरवत काढून पाहावी. तरी न निघाल्यास मजबूत दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून तळहाताकडे काढावे, उरलेला दोरा अंगठीला चिकटून बोटाच्या टोकाच्या दिशेने, पेराच्या पलीकडपर्यंत घट्ट गुंडाळावा आणि तळहाताकडचे टोक बोटाच्या टोकाकडे ओढत दोरा उलगडावा. अंगठी त्याबरोबर पुढे सरकते. बोट बधिर, निळे किंवा पांढरे पडले असेल, हाड मोडल्याची शंका असेल किंवा खोल जखम असेल, तर हे प्रयोग न करता थेट रुग्णालय गाठावे. आणि केसपेपर हातात आला की त्यावर अंगठीचा उल्लेख आहे का, ते तिथेच पाहावे.